रणांगणावर स्थळाची चौकशी

मुलाची चौकशी कशी करावी, या विषयात अख्ख्या सेनगाव तालुक्यात माझा हात धरणारा माणूस नाही. असं लोक म्हणतात. मी फक्त अधूनमधून त्यांना त्याची आठवण करून देतो. भावकीतल्या, ऑफिसातल्या, गल्लीतल्या कितीतरी मुलींची स्थळं मी स्वतः जाऊन पाहून आलेलो आहे. याची एक पद्धत असते. मुलाच्या गावी जायचं, पण त्याच्या घरी जायचं नाही. स्टँडवर चहा घ्यायचा, पानटपरीवर रेंगाळायचं, मग केस वाढलेले नसले तरी कटिंगच्या दुकानात जाऊन बसायचं आणि आरशात बघत सहज विचारायचं, "ते अमक्याचं पोरगं कसं आहे हो?" कटिंगवाला "चांगलं आहे की" म्हणाला आणि कात्री चालू राहिली, तर स्थळ चांगलं. कात्री थांबली तर उठावं. अर्धे केस कापलेले असताना मी असा उठून आलेलो आहे, आणि माझा अंदाज खरा निघालेला आहे.

अशा माणसाच्या मुलीनं, म्हणजे आमच्या दीक्षानं, पुण्याहून फोन करून सांगितलं की तिनं स्वतःच मुलगा पसंत केला आहे.

"प्रज्ञेश नाव आहे, पप्पा. डोंगरकड्याचा. आपल्यातलाच आहे. वाळूजला कारखान्यात सुपरवायझर आहे."

"ओळख कुठं झाली?"

"गेममधी."

मला वाटलं कबड्डी. दीक्षा शाळेत कबड्डी खेळायची. पण हा गेम मोबाईलवरचा निघाला. त्यात सैनिक असतात, बंदुका असतात, देशभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच मैदानात उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. 'शौर्य फ्रंट' असं त्याचं नाव. दीक्षा आणि हा मुलगा दोन वर्षं एकाच तुकडीत लढत होते म्हणे.

"लई भारी खेळतो तो, पप्पा," ती म्हणाली. "आणि हे बघा, तुमी न्हाई म्हणलात तर मी करणार न्हाई. पण चौकशी करून न्हाई म्हणा. तसंच म्हणू नका."

या शेवटच्या वाक्यानं मला बांधून टाकलं. एकुलती एक मुलगी. तिनं हट्ट केला असता, रडली असती, तर मलाही जरा ओरडायला जागा मिळाली असती. पण तिनं सगळा भरवसा माझ्या चौकशीवर टाकला. मी 'हो' म्हणालो आणि मुलगा वाईट निघाला तर दोष माझा. मी 'न्हाई' म्हणालो आणि मुलगा चांगला होता, तर तोही माझाच. फोन ठेवल्यावर माझं जेवणात लक्ष लागेना.

नेहमीच्या पद्धतीनं मी डोंगरकड्याला जाऊन आलो. चहा झाला, पानटपरी झाली, कटिंग झाली. मुलाचे वडील अमृतराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आई पंचफुला, थोडी शेती, केळीची बाग. त्यांच्याबद्दल सगळे चांगलं बोलले. पण मुलाचं नाव काढलं की जो तो डोकं खाजवायचा. "पोरगं दहावीपासून भाईरच असतंय. दिवाळीला येतंय. आमाला काय माहीत?" कटिंगवाल्याची कात्री चालूही राहिली नाही आणि थांबलीही नाही. त्यानं त्या मुलाचे केस कधी कापलेच नव्हते.

ही हकिकत मी आमच्या शेजाऱ्यांना, विश्वंभरकाकांना सांगितली. विश्वंभरकाका महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. अजूनही गल्लीत कोणी विटांचा ढीग टाकला तरी ते मोजायची टेप घेऊन येतात. आमची बायको राणी म्हणते, काकांना काही विचारू नये, कारण ते सांगतात.

काका म्हणाले, "पाईकराव, पाहणी जागेवर जाऊन करावी लागते. चावडीत बसून न्हाई. पोरगा राहतो कुठं?"

"वाळूजला."

"नोकरीत सगळे सरळ वागतात. साहेब बघून राहिलेला असतो. फावल्या वेळात कुठं असतो?"

"त्या गेममधी."

"मग चला तिथं," काका म्हणाले. जणू जीपच बाहेर उभी होती.

आता मला सांगा, यात चूक काय होतं? माणूस पाहायचा तर आपल्याला कोणी पाहत नाही असं त्याला वाटत असतं तिथं पाहावा. राणी म्हणाली, "काहून एवढा घोर करून राहिले? पोराला जेवायला बोलवा. चार घास खाताना माणूस कळतो." बायकांना शास्त्रशुद्ध चौकशीचं महत्त्व कळत नाही, हे मी तेव्हा मनातल्या मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची हिंमत मला अजूनही झालेली नाही.

दीक्षाचा जुना टॅब घरी होता. राणी त्याच्यावर लोणच्यांचे व्हिडिओ बघायची. त्यात तो गेम होता आणि दीक्षाच्या नावानं उघडाही होता: 'वाघीण दीक्षा'. दीक्षा दिवसभर पुण्यात ऑफिसात असते आणि संध्याकाळी खेळते. म्हणजे दुपारी वाघीण रिकामीच. मी तिच्या नावानं आत जाणार, मुलाच्या मित्रांत मिसळणार, दोन-चार जणांचं मत घेणार आणि कोणाला पत्ता लागू न देता बाहेर येणार. योजना निर्दोष होती. फक्त बंदूक मला चालवावी लागणार होती.

पहिल्या प्रकारात दोन तुकड्या समोरासमोर असतात आणि ज्या तुकडीनं जास्त माणसं मारली ती जिंकते. मी उतरलो तेव्हा माझा सैनिक आकाशाकडे बघत होता. त्याला खाली बघायला लावलं तर तो स्वतःचे बूट बघू लागला. डावा अंगठा चालण्यासाठी आणि उजवा मान वळवण्यासाठी, हे मला पुष्कळ मेल्यावर समजलं. मरण्याचं काही वाटत नाही, दोन-तीन सेकंदांत माणूस परत उभा राहतो. पण दर वेळी मारणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, आणि 'गोलू बेबी' नावाच्या इसमाकडून वारंवार मरणं हे माझ्यासारख्या वरिष्ठ सहायकाला शोभणारं नव्हतं.

विश्वंभरकाका चष्मा लावून शेजारी बसले होते. त्यांनी कोपऱ्यातला नकाशा पाहिला आणि त्यांची कळी खुलली.

"उत्तर वर आहे. ठीक. ही पडीक जमीन कोणाच्या नावावर आहे?"

"काका, मला गोळ्या लागून राहिल्या."

"लागू द्या. ही पाण्याची टाकी गावठाणात येते की न्हाई, ते बघा आधी."

मी टाकी बघायला गेलो आणि तिथेच मेलो.

दुसऱ्या दिवशी मी टॅब ऑफिसात नेला. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये कोणी येत नाही. धूळ असते, फायली असतात, एक तुटका पंखा असतो. मी कोपऱ्यात बसून गेम उघडला. टॅबचं आवाजाचं बटण लोणच्याच्या तेलानं कायमचं दबलेलं आहे, हे राणीनं मला सांगितलं नव्हतं. मैदानात उतरताच रेकॉर्ड रूममधून मशीनगन सुरू झाली. बाहेर खुर्च्या पडल्याचा आवाज आला. कोणीतरी "ट्रान्सफॉर्मर गेला" म्हणून ओरडलं. आमचे शिपाई रूपसिंग अंगणात पळाले आणि अर्ज घेऊन आलेली माणसं त्यांच्या मागे. साहेब स्वतः दार उघडून आत आले, तेव्हा मी फायलींच्या मागे उकिडवा बसलो होतो आणि टॅबमधून एक मेजर हिंदीत "दुश्मन सामने है" म्हणत होता.

"पाईकराव, हे काय चालू आहे?"

"साहेब," मी उभा राहिलो, "मुलीचं लग्न."

साहेबांनी मला आठवडाभर दुपारनंतरची रजा घेण्याचा सल्ला दिला. मी तो स्वाभिमानाला धक्का लागू न देता स्वीकारला.

पण त्या गोंधळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. पडद्यावर एक निमंत्रण येऊन पडलं होतं: 'प्रज्ञेश डीके तुम्हाला तुकडीत बोलावत आहे.'

घरी येऊन मी ते काकांना दाखवलं. काकांनी घड्याळात पाहिलं. मंगळवार होता, भर दुपार होती.

"पोरगा आत्ता कारखान्यात पाहिजे व्हता," काका म्हणाले.

भर दुपारी हा मुलगा गेम खेळत बसला असेल, तर नोकरी कधी करतो? की नोकरीच नाही? दीक्षाला यानं फसवलं तर नाही? त्या क्षणी मी जवळजवळ 'न्हाई' म्हणून टाकणार होतो. पण ती म्हणाली होती, चौकशी करून म्हणा. मी निमंत्रण स्वीकारलं.

टॅबचा माईक केव्हाच मेलेला होता आणि तेही बरंच होतं, कारण माझा आवाज वाघिणीसारखा नाही. पलीकडूनही बोलणं आलं नाही. या गेममध्ये न बोलता काम भागावं म्हणून तयार वाक्यं ठेवलेली असतात. बोट ठेवलं की आपला सैनिक ती पाठवतो: 'इकडे या', 'मदत हवी', 'धन्यवाद', 'सॉरी'. सरकारी पत्रव्यवहारही याच वाक्यांवर चालला असता, पण तिकडे 'सॉरी' नसतं.

प्रज्ञेशनं पहिल्यांदा पाठवलं, 'इकडे या'. मी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. बराच वेळ तो त्या भिंतीतून आरपार जायचा प्रयत्न करत राहिला. मग त्यानं बाँब काढला, जवळच टाकला आणि आम्ही दोघं वर गेलो. 'सॉरी', त्यानं पाठवलं.

"दीक्षा तर म्हणून राहिली व्हती, लई भारी खेळतो म्हणून," मी म्हणालो.

"पोरी आपल्या माणसाबद्दल वाढवूनच सांगतात," काका म्हणाले, आणि मला ते पटलं. उलट थोडं बरंच वाटलं. बंदूक चालवण्यात फार पटाईत जावई मला नकोच होता.

पुढचे दिवस मी पद्धतशीर परीक्षा घेतल्या. एका प्रकारात मैदानावर तीन झेंडे असतात आणि ज्याचा ताबा जास्त वेळ त्याचा विजय. हा प्रकार काकांना मनापासून आवडला. "ताबा म्हणजे वहिवाट," ते म्हणाले, "हलायचं न्हाई." मी मधल्या झेंड्याखाली जाऊन उभा राहिलो. प्रज्ञेशही येऊन शेजारी उभा राहिला. तुकडीतली बाकीची पोरं चौफेर धावत होती, उड्या मारत होती, मरत होती. आम्ही दोघं झेंड्याखाली, बस लागायची वाट पाहत स्टँडवर उभं राहावं तसे उभे. आणि गंमत बघा, झेंडा आमचाच राहिला. मुलाला स्थैर्य आहे, अशी मी मनात नोंद केली.

दुसऱ्या प्रकारात सगळेच सगळ्यांच्या विरोधात असतात. कोणी कोणाचा नाही. हा प्रकार मी मुद्दाम निवडला. नातं नसलेल्या ठिकाणी माणूस कसा वागतो, ते बघायचं होतं. एका पडक्या गोदामात वळण घेतलं तर समोर प्रज्ञेश. बंदूक माझ्यावर रोखलेली. माझीही त्याच्यावर, निदान त्याच्या आसपास. गोळी घातली असती तर खेळाच्या नियमात चूक नव्हतं. पण त्यानं बंदूक बाजूला वळवली. मग त्याचा सैनिक खाली बसला आणि उठला. परत बसला, परत उठला. मला कळलं, हा नमस्कार आहे. मीही बसलो, उठलो. आम्ही दोघं एकमेकांना आदर देत असताना मागून 'गोलू बेबी' आला आणि त्यानं दोघांनाही एकाच दमात संपवलं. तरी मला वाईट वाटलं नाही. आजकाल मोठ्यांना वाकून नमस्कार करणारी मुलं राहिली आहेत कुठं? मी मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातच आली नाही.

मध्ये एक विघ्न आलं. एका लढाईत मी बाँब फेकताना तो आमच्याच तुकडीच्या जीपखाली गेला. चार जण गेले. त्यांनी तक्रार केली असावी, कारण 'वाघीण दीक्षा'ला एक दिवस खेळण्यास मनाई झाली. विनाचौकशी निलंबन! ते मी सहन करणं शक्यच नव्हतं. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणून काही असतं. काकांनी मजकूर सांगितला आणि मी कंपनीच्या मदत कक्षाला अर्ज टाकला: 'विषय: एक दिवसाची मनाई रद्द होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदरहू बाँब अर्जदाराच्या हातून अनवधानाने निसटला असून त्यामागे कोणताही हेतू नव्हता. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' लगेच उत्तर आलं, 'तुमचा दिवस छान जावो.' एवढ्या जलद गतीनं आणि एवढं निरर्थक उत्तर मला आमच्या खात्यातही कधी मिळालेलं नाही. मी त्या कंपनीकडे जरा आदरानं बघायला लागलो.

त्या संध्याकाळी दीक्षाचा फोन आला. "पप्पा, माझं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. रँक पार गाळात गेली. प्रज्ञेशचं पण तसंच झालंय."

"असं?" मी म्हणालो. "जमाना लई वाईट आहे, बाळा."

"उद्या संध्याकाळी पासवर्ड बदलणार हाव आमी दोघं."

म्हणजे माझ्या हातात एकच दुपार उरली होती. मनाई उठली होती. काका वेळेवर आले. राणी तूर निवडत दारात बसली होती आणि आपला या मूर्खपणाशी संबंध नाही हे तिनं पाठ फिरवून दाखवून दिलं होतं.

शेवटची परीक्षा मी चौघांच्या तुकडीच्या प्रकारात घ्यायचं ठरवलं. यात मेलेला परत येत नाही. गोळी लागली की सैनिक आधी गुडघ्यावर येतो आणि रांगत राहतो. तेवढ्यात सोबत्यानं जवळ येऊन, बसून, त्याला उचललं तर तो वाचतो. उचलायला वेळ लागतो आणि उचलणारा तेवढा वेळ उघड्यावर असतो. शिवाय चारी बाजूंनी विषारी वायू आत सरकत येतो. त्यामुळे हुशार खेळाडू कोणाला उचलत नाहीत, पुढे पळतात.

आमचे दोन सोबती असेच पुढे पळाले. मी नेहमीप्रमाणे एका नाल्याजवळ पडलो. मुद्दाम नाही, पण परीक्षेसाठी सोयीचं झालं. वायू जवळ येत होता. प्रज्ञेश बराच पुढे, सुरक्षित जागेत पोचलेला नकाशावर दिसत होता. मी 'मदत हवी' पाठवलं आणि मग उगाच पाठवलं असं वाटलं. कोण येतं? मला अचानक दीक्षा लहानपणी सायकलवरून पडली होती ते आठवलं. मी ऑफिसात होतो. गुडघा फुटलेला घेऊन ती एकटी घरी चालत आली होती. पुण्यात ती पडली तर मी सेनगावात असणार. वाळूजला पडली तरी सेनगावातच. माझी सगळी चौकशी खरं तर एवढ्या एका गोष्टीची होती.

नकाशावरचा ठिपका मागे फिरला.

"आला," काका पुटपुटले.

तो धड येत नव्हता. एका झाडाला अडकला, मग दगडाला. पण येत होता. वायूत शिरला. माझ्याजवळ बसला आणि मला उचलू लागला. मी उभा राहिलो. दोघं वायूत होतो, रस्ता कोणालाच सापडेना, आणि आम्ही नाल्याच्या काठावर शेजारी शेजारी पडलो. शेवटी त्यानं पाठवलं, 'सॉरी'.

मी टॅब खाली ठेवला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवावं असंही मला वाटलं नाही. काका चष्मा पुसत होते. मी राणीला म्हणालो, "देऊन टाकू पोरगी."

"पोरगी काय टॅब आहे का, देऊन टाकायला?" राणी म्हणाली. पण तिनं मोबाईल हातात घेतला आणि दीक्षाला लावला.

रविवारी आम्ही डोंगरकड्याला गेलो. मी, राणी, दीक्षा आणि पंच म्हणून विश्वंभरकाका. जय भीम झालं, पाणी झालं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली. अमृतराव उंच, पांढऱ्या मिशांचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले. पंचफुलाबाईंनी पोहे आणले. प्रज्ञेश साधा, बारीक, नजर खाली. मला तो नजरेनंही आवडला. पण मी नुसत्या नजरेवर जाणारा माणूस नाही, हे सगळ्यांना कळायला हवं होतं. म्हणून पोहे संपायच्या आत मी घसा खाकरला.

"अमृतराव, लोक गावात चौकशी करतात. मी ती केलीच. पण त्याच्या पुढं जाऊन मी तुमच्या पोराला युद्धभूमीवर बघितलं. रोज दुपारी. दीक्षाच्या नावानं मी खेळून राहिलो व्हतो."

"पप्पा!" दीक्षा म्हणाली. "हॅकर तुमी?"

मी हात वर करून तिला थांबवलं. "सगळे पळून गेले, पण हा पोरगा मला उचलायला वायूत माघारी आला. तवाच मी ठरवलं. फक्त एक सांगा, प्रज्ञेशराव, दुपारची ड्यूटी सोडून खेळणं बराबर न्हाई."

प्रज्ञेश गोंधळला. "काका, दुपारी मी कारखान्यात असतो. गेटवरच मोबाईल जमा करून घेतात."

अमृतरावांचा चमचा हवेतच राहिला होता. पंचफुलाबाईंनी सावकाश नवऱ्याकडे मान वळवली.

"सांगा की आता," त्या म्हणाल्या. "पोराचा जुना फोन घेऊन गोठ्यात कोण बसून राहत व्हतं? म्हशीनं पान्हा चोरला त्या आवाजानं."

अमृतरावांनी चमचा खाली ठेवला. "मला वाटलं पोरीची चौकशी करावी. पोरगं म्हणतंय गेममधली ओळख हाय. मग गेममधीच बघितलं. लई गुणाची पोरगी वाटली मला. झेंड्याखाली उभी राहिली की हलत नव्हती. बसून-उठून नमस्कार करायची. मी एवढा चुकत व्हतो, पण कधी रागावली न्हाई." त्यांनी दीक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. "फक्त एकच खटकलं. म्हणलं, पोरगी भर दुपारी खेळती, हापिसाला जाती कवा?"

राणीनं पदर तोंडाला लावला. दीक्षा आणि प्रज्ञेश आधी एकमेकांकडे बघत होते, मग दोघंही एकदम फुटले. ती पोरं इतकी हसली की पोह्यांचे दाणे सतरंजीवर उडाले. माझी प्रतिष्ठा त्या दाण्यांबरोबर कुठं गेली, ते मी पाहिलं नाही.

विश्वंभरकाकांनी मात्र चेहरा सरळ ठेवला. "म्हणजे मुलाची पाहणी झालीच न्हाई. मुलीचीही न्हाई. दोन्ही पाहण्या रद्द."

काकांचं बरोबर होतं आणि त्यामुळे मला त्यांचा राग आला. हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण 'हो' म्हणायचं होतं ते मला आणि माझा होकार ज्याच्यावर उभा होता ते खालून निघून गेलं होतं. दीक्षाही आता हसत नव्हती. मी प्रज्ञेशकडे वळलो.

"खरं सांगा. तुमी पडलेल्याला उचलता का?"

मुलगा लाल झाला. खोटं बोलायला जागा होती. आई बघत होती, होणारी बायको बघत होती.

"न्हाई, काका," तो म्हणाला. "मी पुढं पळतो. उचलत बसलं की तुकडी हरती."

"मग पडलेल्याचं काय?"

"मी उचलते, पप्पा," दीक्षा म्हणाली. "तो सारखा पळतो आणि सारखा पडतो. दोन वर्षं मीच त्याला उचलून राहिले."

मी माझ्या मुलीकडे पाहिलं. गुडघा फुटल्यावर एकटी चालत आलेली ती पोरगी. तिला उचलायला कोण आहे, याची चौकशी करत मी आठवडाभर वायूत मरत होतो, आणि ती इकडे दुसऱ्यालाच उचलत होती. मग मी अमृतरावांकडे पाहिलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला हा माणूस, मागे फिरून, झाडाला अडकत, दगडाला अडकत माझ्यापर्यंत आलेला. तिला ओळखतही नव्हता, तरी तिच्यासाठी आलेला.

"पोरगा पसंत आहे का, ते दीक्षाला विचारा," मी म्हणालो. "मला व्याही पसंत आहे."

पंचफुलाबाईंनी डोळे पुसले आणि त्या साखर आणायला आत गेल्या. दीक्षानं माझ्या ताटलीतले उरलेले पोहे घेऊन खाल्ले, लहानपणी खायची तसे.

निघायची वेळ झाली. मी रुबाबात उठायला गेलो, पण मांडी घालून बसून पायाला मुंग्या आलेल्या. मी ओसरीवरून अंगणात उतरता उतरता सरळ गुडघ्यावर आलो. प्रज्ञेश जीपवाल्याला बोलवायला केव्हाच पुढे पळाला होता. राणी आत साखर घेत होती. अमृतराव मागे फिरले. गुडघा धरत, कण्हत, माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी माझ्या काखेत हात घातला.

"थांबा," ते म्हणाले, "येळ लागतो."

मला उभं करताना त्यांच्या टाचेखाली माझा पाय आला. "सॉरी," ते म्हणाले.

उभा राहिल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून, जमेल तेवढा खाली बसलो आणि उठलो. अमृतरावही जमेल तेवढे बसले आणि उठले. परत बसलो, परत उठलो. चार म्हातारे गुडघे कडाकडा वाजले. दारातून दीक्षा, राणी आणि पंचफुलाबाई बघत होत्या, काका टेपशिवाय अंगणाची लांबी मोजत होते, आणि या वेळी मागून येऊन आम्हाला कोणीही गोळी घातली नाही.